दिनविशेषाचा फळा लिहायचा असेल तर

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी सव्वासातला फळा लिहून मी घरी आले होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर, दाराच्या डाव्या हाताला, तीन फूट बाय दोन फुटांचा फळा टांगलेला आहे. माझं अक्षर मोठं, त्यामुळे त्यावर आठच ओळी मावतात. त्या दिवशी पहिली ओळ महाराजांची होती: १९३९ साली मुंबईत बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं निधन. दुसरी अरविंदबाबूंची, म्हणजे योगी अरविंद घोषांची: १८९३ साली याच तारखेला ते विलायतेहून येऊन मुंबईला अपोलो बंदरावर उतरले, आणि पुढे १९०६ पर्यंत बडोद्याच्या नोकरीत राहिले. तिसरी कवी प्रदीप यांच्या जन्माची: १९१५, उज्जैनजवळचं बडनगर. खाली रेघ ओढली, हात धुतले, झालं.

दहाच्या सुमाराला सूनबाईनं टीव्ही लावला आणि लतादीदी गेल्याचं कळलं. मी तशीच पायात चपला सरकवून परत निघाले. फळ्यासमोर पाचसहा जण उभे होते. शेजारच्या फरसाणवाल्यानं विचारलं, "बेन, आमांथी शुं भूंसशो?" यातलं काय पुसणार? मी ओला फडका हातात घेऊन दोन मिनिटं नुसती उभी राहिले. महाराजांना पुसायचा प्रश्नच नव्हता. अरविंदबाबूंचं घर याच दांडिया बाजारात, त्यांना कसं पुसू? आणि प्रदीप? "ऐ मेरे वतन के लोगो" लिहिणारा माणूस तो. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत ते गाणं लतादीदींनी पंडित नेहरूंसमोर गायलं. ज्याचं गाणं गाऊन सगळ्या देशाला रडवलं, त्याच्याच वाढदिवसाला त्या गेल्या. मी काहीच पुसलं नाही. प्रदीप यांच्या ओळीखाली एक ओळ वाढवली, दोन ओळींच्या मध्ये बाण काढला आणि बाणावर "१९६३" एवढंच लिहिलं. लोक वाचून थांबत होते, बाणाकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत होते.

तेव्हापासून कुणी ना कुणी येऊन विचारतं, बाई, आमच्या सोसायटीत, आमच्या मंडळात, आमच्या शाळेत असा फळा सुरू करायचा आहे, कसा करायचा? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधीच सांगते, मी इतिहासाची शिक्षिका नव्हे. बडोद्यातल्या एका मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. तारखांकडे मी आकडा म्हणूनच बघते. त्याचा फायदा होतो, कसा ते पुढे येईलच.

आधी योगायोगाची भीड सोडा

दिनविशेष लिहायला बसलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच एक वेड लागतं. जिथे तिथे योगायोग दिसायला लागतात. गांधीजी आणि शास्त्रीजी एकाच तारखेला जन्मले! लिंकन आणि डार्विन एकाच तारखेला, तेही एकाच साली, १२ फेब्रुवारी १८०९! मला वर्गातलं गणित माहीत होतं म्हणून मी वाचले. कुठल्याही २३ माणसांना एका खोलीत बसवा, त्यांच्यातल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. चाळीस मुलांच्या वर्गात ती शंभरात एकोणनव्वद होते. दर जूनमध्ये नव्या वर्गात मी हा खेळ करायची, मुलांशी पैज लावून, आणि बहुतेक वेळा जिंकायची. वर्षाचे दिवस ३६५ आणि इतिहासातली माणसं हजारो. तारखा एकमेकींवर आदळणारच. त्यात नवल कसलं?

मग फळ्यावर काय लिहायचं? माझं उत्तर असं: एका तारखेला दोन गोष्टी घडल्या एवढं पुरत नाही. त्या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय, ते खडू हातात घेण्याआधी ठरवा. नातं तीन तऱ्हेचं असतं. निव्वळ योगायोग. कुणीतरी मुद्दाम जुळवून आणलेली तारीख. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे चूक, मुळात जुळतच नसलेल्या तारखा आपण जुळवलेल्या. नवा माणूस फसतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या तऱ्हेत.

मी स्वतः फसले आहे. पहिल्याच वर्षी १४ फेब्रुवारीला मी फळ्यावर लिहिलं, आज भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली. मोबाइलवर आलं होतं, तीन वेगवेगळ्या लोकांकडून आलं होतं, म्हणून मला खरं वाटलं. तिघांकडे ते एकाच ठिकाणाहून आलं असणार हे गणिताच्या बाईला सुचू नये! वाचनालयात रोज सकाळी पेपर वाचायला येणारे एक आजोबा आहेत. ते काही बोलले नाहीत. खिशातून पेन्सिल काढली, माझ्या वहीच्या कोपऱ्यात "२३ मार्च १९३१, लाहोर" लिहिलं आणि आत जाऊन बसले. शिक्षेचा निकाल ७ ऑक्टोबर १९३० चा, फाशी २३ मार्चची. १४ फेब्रुवारीचा त्याच्याशी काही संबंध नाही. दिवसभर तो फळा शाळेतल्या पोरांनी वाचला, हे मला अजून सलतं.

३६६ पानांची वही

बाजारातून जाड रजिस्टर आणा. एका तारखेला एक पान, २९ फेब्रुवारी धरून. ते पान बहुतेक जण विसरतात, आणि गुजरातेत राहून ते विसरणं बरं नव्हे. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, वलसाडजवळच्या भदेलीचा. त्यांच्यावर मी वर्गात एक गणित घालायची: त्यांचा पहिला वाढदिवस कधी आला? पोरं म्हणायची, चार वर्षांनी, १९०० साली. नाही! १९०० ला ४०० नं भाग जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हतं. आठ वर्षं थांबावं लागलं, १९०४ पर्यंत.

प्रत्येक पानावर चार रकाने आखा. साल, घटना, कुठे वाचलं, आणि चौथा रकाना कालगणनेचा. पहिले तीन कुणीही सांगेल. सगळी मेख चौथ्यात आहे.

"कुठे वाचलं" या रकान्यात "मोबाइल" असा शब्द आला की ती ओळ मी पेन्सिलीनं लिहिते. छापील चरित्र, विश्वकोश किंवा त्या काळातला कागद मिळाला की शाईनं गिरवते. माझ्या वहीत पेन्सिलीच्या ओळी अजून भरपूर आहेत. काही तर दहा वर्षांच्या, फिकट पडत चाललेल्या. पडू देत.

बडोद्यातल्या माणसाला पुस्तकांची सबब सांगता येत नाही, हेही सांगून टाकते. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी महाराजांनी उभी केली, त्यासाठी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून आणला. लोखंडी मांडण्या आणि खाली काचेची फरशी, म्हणजे खालच्या मजल्यापर्यंत उजेड जावा. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवताना मी साडीच्या निऱ्या धरून चालले होते. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना हे दाखवलं की ते गप्प होतात.

चौथा रकाना

इथे जरा सावकाश वाचा.

शिवाजी महाराजांची जन्मतारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० लिहितो. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या तारीखवार टिपणात, नोंद आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. वार दिलेला आहे, हे लक्षात घ्या. आता आजचं कॅलेंडर मागे मागे नेत मोजा, १६३० च्या १९ फेब्रुवारीला मंगळवार येतो. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझंच चुकलं असं समजून तीनदा केलं. तिन्ही वेळा मंगळवार.

चूक कुणाचीच नव्हती. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. रोमच्या पोपनं १५८२ साली कॅलेंडर सुधारलं, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आणला. इंग्रजांनी ते मान्य केलं १७५२ साली. त्यामुळे शिवकाळातल्या तारखा इतिहासकारांनी ज्युलियन पद्धतीनं दिलेल्या असतात, आणि सतराव्या शतकात दोन्ही पद्धतींत दहा दिवसांचं अंतर. १९ फेब्रुवारीत दहा मिळवा, १ मार्च १६३० येतो. वार काढा, शुक्रवार! ज्या दिवशी हे जुळलं त्या दिवशी मी वाचनालयात एकटीच हसले होते.

म्हणून माझा नियम: १७५२ च्या आधीची तारीख असेल तर चौथ्या रकान्यात "जु" किंवा "न" लिहायचं, जुनी की नवी. आणि कागदात वार दिला असेल तर तोही लिहायचा. वार हा तारखेचा साक्षीदार आहे. फळ्यावर १९ फेब्रुवारीच लिहायची, लोकांनी आणि सरकारनं तीच धरली आहे, त्यात खोड काढायची नाही. पण तिच्या शेजारी युरोपातली त्याच सुमाराची घटना लिहून "एकाच दिवशी" म्हणायचं नाही.

हा सापळा मोठमोठ्यांना अडकवतो. गॅलिलिओ गेला त्याच साली न्यूटन जन्मला, हे वाक्य मी स्वतः विद्यार्थी असताना पाठ केलं होतं. गॅलिलिओ इटलीत गेला, ८ जानेवारी १६४२, नवी पद्धत. न्यूटन इंग्लंडात जन्मला, २५ डिसेंबर १६४२, जुनी पद्धत. त्याच्या तारखेत दहा दिवस मिळवा, ४ जानेवारी १६४३. साल बदललं, गोष्ट संपली. उलट स्टीफन हॉकिंग यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर तीनशे वर्षं झाली त्या दिवशीचा. या दोन्ही तारखा नव्या पद्धतीच्या, त्यामुळे हा जुळवा खरा. आणि हॉकिंग गेले १४ मार्च २०१८ ला, आइन्स्टाइनच्या जन्मतारखेला. खरा, पण योगायोगच.

आता आपल्या तिथ्या. शकावरून इसवी सन काढायचा तर ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना येतं. पौष-माघ-फाल्गुनात लोक घसरतात, कारण मध्ये १ जानेवारी होऊन गेलेली असते. तिथे ७९. शिवजन्माचा शक १५५१, महिना फाल्गुन, म्हणून ७९ मिळवून १६३०. राज्याभिषेकाचा शक १५९६, महिना ज्येष्ठ, म्हणून ७८ मिळवून १६७४. बडोद्यात आणखी एक भानगड आहे. शेजारच्या गुजराती घरात विक्रम संवत चालतं, आणि ते आपल्यासारखं पाडव्याला बदलत नाही, दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं. त्यामुळे गुजराती कागदावरच्या संवतातून कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. उत्तरेकडच्या हिंदी पुस्तकात तर शिवजन्म "चैत्र कृष्ण तृतीया" असा छापलेला मिळेल. घाबरू नका, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. दिवस तोच.

आणि पानिपत. "ऐन संक्रांतीच्या दिवशी" असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, मराठीत तर संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचारच आहे. लढाईची तारीख पक्की आहे, १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. पण संक्रांत १४ जानेवारीला येते ती अलीकडे. साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. १८६३ साली जी १२ ला, ती त्याच्या शंभर वर्षं आधी १४ ला कशी असेल? ती होऊन गेली होती. मी फळ्यावर लिहिते "१७६१, पानिपतचा तिसरा संग्राम" आणि संक्रांतीच्या शुभेच्छा दुसऱ्या कोपऱ्यात, तिळगुळाचं चित्र काढून.

११ मार्च, एक पान उघडून

नुसते नियम सांगून फळा लिहिता येत नाही, म्हणून एक पान दाखवते. माझ्या वहीत ११ मार्चच्या पानावर पाच ओळी आहेत. १६८९, संभाजी महाराजांचं बलिदान, फाल्गुन अमावास्या, "जु". १८६३, सयाजीराव महाराजांचा जन्म, नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे. १९१५, विजय हजारे यांचा जन्म, सांगली. १९५५, पेनिसिलिनवाले फ्लेमिंग यांचं निधन. २०२०, जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाला महामारी म्हटलं.

एका वर्षी मी पाचही लिहिल्या होत्या. फळा नव्हे, रेशनकार्ड दिसत होतं. आता फ्लेमिंग आणि कोरोना वहीतच राहतात. दोन्ही महत्त्वाच्या आहेत, पण दांडिया बाजारात त्या दिवशी त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही.

सयाजीराव आणि हजारे यांची जोडी मला फार आवडते. दोघेही बडोद्याबाहेर जन्मलेले. एक कवळाण्याहून दत्तक आले, एक सांगलीहून क्रिकेट खेळत आले, आणि दोघेही बडोद्याचे झाले. मार्च १९४७ मध्ये इथेच रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजाऱ्यांनी २८८ आणि गुल महंमदनं ३१९ केल्या, चौथ्या विकेटची भागी ५७७. माझे सासरे ती भागीदारी पाहिल्याचं इतक्या वेळा सांगायचे की शेवटी शेवटी त्यांची जेवणाच्या सुट्टीतली भजीसुद्धा मला पाठ झाली होती. एका ओळीत हे सगळं मावत नाही. मी लिहिते: "११ मार्च. बाहेरून आले, बडोद्याचे झाले." आणि खाली दोन नावं, दोन सालं.

अडचण येते ती संभाजी महाराजांची. एका वर्षी मी त्यांची ओळ अमावास्येसाठी राखून ठेवली, कारण पाडव्याच्या आदल्या दिवशी ती तिथी येते आणि आमच्याकडची जुनी माणसं तिथीच पाळतात. ११ मार्चच्या सकाळी एक तरुण मुलगा तावातावानं आला. "बाई, वाढदिवस लिहिलेत, आणि शंभूराजे नाहीत?" मी त्याला "जु" म्हणजे काय ते सांगितलं, वही दाखवली. त्यानं ऐकलं सगळं, आणि म्हणाला, "पण सगळीकडे आज आहे ना." त्याचंही बरोबर होतं. तारीख लोक ज्या दिवशी पाळतात तो दिवसही इतिहासाचाच भाग असतो. आता ११ मार्चला पहिली ओळ त्यांची असते, सालासह आणि तिथीसह, मग मोकळी रेघ, मग बाकीचं. त्या दिवशी फळ्याला वेलबुट्टी काढत नाही आणि "शुभेच्छा" हा शब्द वापरत नाही. अमावास्येलाही एक ओळ लिहितेच. तो मुलगा आता उंच ओळी लिहायला स्टुलावर चढतो, मी खालून सांगते.

मुद्दाम जुळवलेल्या तारखा

या तारखा लिहायला सोप्या, कारण त्यांचं नातं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली, पण अंमल दोन महिने थांबवला, कारण १९३० सालचा पूर्ण स्वराज्याचा दिवस २६ जानेवारीचा होता. फळ्यावर नुसतं "प्रजासत्ताक दिन" लिहिणाऱ्यानं १९३० ही लिहावं. १५ ऑगस्टचं अर्धं मुद्दाम आहे, अर्धं योगायोगाचं. माउंटबॅटननी ती तारीख उचलली जपानच्या शरणागतीच्या दुसऱ्या वर्षदिनावरून. आणि अरविंदबाबूंचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा, तो मात्र कुणी जुळवला नव्हता. ते स्वतः याला नुसता योगायोग मानायला तयार नव्हते, १९४७ च्या संदेशात त्यांनी तसं सांगितलंही. मी गणिताची बाई, मी योगायोगच मानते. पण त्यांचं म्हणणं फळ्यावर लिहिते, माझं नाही.

१ मे हा बडोद्याच्या मराठी माणसाचा खास दिवस. १ मे १९४९ ला बडोदं संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे होऊन महाराष्ट्र आणि गुजरात झाले. माझ्या सासूबाई १९४० च्या. जन्म बडोदे संस्थानात, शाळा मुंबई राज्यात, लग्न गुजरातेत, आणि हे सगळं रावपुरा ते दांडिया बाजार एवढ्या अंतरात. "मी कुठे हलले? राज्यंच हलली," असं म्हणायच्या.

या दोन तारखांवर मी फळ्याच्या कोपऱ्यात पोरांसाठी एक कोडं घालते: दोन्ही दिवशी वार कोणता? वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक. म्हणून तीच तारीख दर वर्षी एका वारानं पुढे जाते, मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोननं. १९४९ पासून १९६० पर्यंत अकरा वर्षं, म्हणजे अकरा वार. मधल्या २९ फेब्रुवाऱ्या तीन: १९५२, १९५६, १९६०. अकरा अधिक तीन चौदा, पूर्ण दोन आठवडे. दोन्ही १ मे एकाच वारी, रविवारी. कुणी उत्तर आणलं तर त्याला मी लिलो चिवडा देते. फरसाणवाला त्याचे पैसे घेत नाही.

ओळ कशी लिहायची

साल आधी, मग घटना, मग जागा. क्रियापद शक्यतो नकोच. "आजच्या दिवशी", "दुःखद", "थोर", "महान" हे शब्द मी पुसून टाकले आहेत, एका ओळीत तेवढी जागा नसते. जन्म आणि मृत्यू एकाच ओळीत घालायचे नाहीत, पण त्यांच्यात खरं नातं असेल तर एकाखाली एक आणायचे. २३ मार्चला राममनोहर लोहियांचा वाढदिवस असतो, १९१० चा. भगतसिंगांना त्या दिवशी फाशी झाली म्हणून लोहिया स्वतःचा वाढदिवस साजरा करत नसत. एवढं लिहिलं की वाचणारा आपोआप थांबतो. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले, त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे जन्मले, आणि असहकाराची चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. तारीख तीच, सालही तेच. तो रविवार होता. इथे मी सालही एकदाच लिहिते, वर मधोमध, आणि खाली तीन ओळी: सरदारगृह, वाटेगाव, सगळा देश.

आपल्या गावाकडे ओढणारी ओळ नेहमी शोधा. २७ फेब्रुवारीला सगळीकडे कुसुमाग्रजांचा जन्मदिन, मराठी भाषा गौरव दिन, १९१२. तो हवाच. पण त्याच तारखेला १९५६ साली दादासाहेब मावळंकर गेले, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि त्यांचा जन्म बडोद्याचा. गुजरातेतला मराठी माणूस मराठी दिनाच्या फळ्यावर नको का?

खडूचं सांगायचं राहिलं. पांढरा खडू साखरेच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि ओलाच वापरा. लिहिताना फिका दिसतो, वाळला की उठून दिसतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पदराला, पिशवीला लागून पुसत नाही. मात्र मुंग्या येतात, त्याला इलाज मला सापडलेला नाही. पावसाळ्यात फळा आत घ्यावा लागतो. आदल्या रात्री लिहून ठेवायचा मोह होतो, मी लिहीत नाही. पहाटे काय झालेलं असेल सांगता येत नाही, आणि आठवी ओळ मी नेहमी मोकळी सोडते.